दोन सलामांमधलं थांबणं

शाळेत त्यांना सगळे नकाशेबाई म्हणत. भूगोल शिकवायच्या तेव्हा काखेत गुंडाळलेला नकाशा असायचाच. भूगोल सुटला, पण नाव काही सुटलं नाही. या वर्षी त्यांच्याकडे नवा विषय आला होता, आणि तो त्यांनी स्वतःच अंगावर ओढवून घेतला होता.

त्याचं असं झालं. शाळा धर्माचे संस्कार जपणारी. दुपारी सगळ्यांची नमाज, धर्माचा तास वेगळा. पण समाजशास्त्राचं पुस्तक उघडलं की दुसऱ्याच शाळेत येऊन बसल्यासारखं वाटायचं. कुटुंब म्हणजे काय, समाज म्हणजे काय, सगळं कोरडं ठणठणीत. आणि धर्माच्या तासाला शेजाऱ्याचा हक्क शिकवायचे, तर त्यात तो शेजारी कोण, कुठे राहतो, त्याचं बरं चाललंय की नाही, याचा पत्ताच नाही. दोन्ही तास एकाच वर्गात, त्याच बाकांवर व्हायचे, पण रुसलेल्या जावांसारखे एकमेकांशी बोलायचे नाहीत.

मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, हे एकदा शिक्षकांच्या सभेत काढलं. कुणीतरी लगेच उपाय सुचवला की प्रत्येक धड्याच्या वर कुराणातली एक आयत छापावी.

गणिताचे सर हसले. "म्हणजे डबा तोच, डब्यातलं तेच, झाकण तेवढं नवं!"

"झाकण नकोच," नकाशेबाई म्हणाल्या. "मला एक वर्ष द्या. मी मुलांना मागच्या वस्तीत नेते."

"आणि तिथे करणार काय?"

"शेजार आहे का, बघणार."

मोठ्या सरांनी वर्ष दिलं. पण अट घातली. वर्षाच्या शेवटी शिक्षण मंडळाकडून पाहणीला कुणीतरी येईल. त्यांना पटलं तर विषय वेळापत्रकात कायमचा. नाही पटलं तर जुनं पुस्तक परत आणि बाईंच्या काखेत पुन्हा नकाशा. बाईंनी नोकरीत स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं होतं. म्हणून ते हातचं जाऊ नये, असं त्यांना आतून फार वाटत होतं.

काम म्हटलं तर सोपं होतं. मुलांनी दोघादोघांनी वस्तीतल्या घरोघरी जायचं आणि एकच गोष्ट विचारायची: "आजारी पडलात, अडलात, तर हाक मारल्यावर येईल असं जवळपास कुणी आहे का?" उत्तर मोठ्या तक्त्यावर भरायचं. समाजशास्त्र एवढंच. पण कसं जायचं, ते बाईंनी धर्माच्या तासातून उचललं होतं. दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, म्हणजे नजर आत जात नाही. बाहेरून सलाम करायचा, तीनदा. तिसऱ्यालाही उत्तर आलं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं, तोंड वाकडं न करता. एका घरात दुसऱ्या घराबद्दल चौकशी करायची नाही. ती चहाडी झाली. आणि जे सांगतील ती अमानत, विश्वासाने हातात दिलेली वस्तू. ती चव्हाट्यावर आणायची नाही.

बाईंनी वर्गात करून दाखवलं. वर्गाच्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या, "अस्सलामु अलैकुम, अस्सलामु अलैकुम, अस्सलामु अलैकुम," म्हणाल्या आणि वळून चालू लागल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, हे तर फारच सोपंय," पहिलवान म्हणाला. पहिलवान म्हणजे मागच्या बाकावरचा, अंगाने आडवा, गणितात सपाट. भूगोलाऐवजी हा विषय त्याने मार्कांसाठी घेतला होता, आणि ते तो लपवतही नव्हता.

"बाई, पण तिसऱ्यानंतर दार उघडलं तर? तोवर आम्ही पाठ फिरवलेली असणार," असं विचारणारी होती वकील. तिला कशातही फट दिसायची, म्हणून मुलींनी हे नाव दिलेलं.

"तर परत वळायचं. पाठ काय चिकटवलीये?"

वर्ग हसला, वकील बसली, आणि विषय तिथेच राहिला.

मुलं वस्तीत जाऊ लागली. वस्ती शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होती. दुमजली घरं, अरुंद जिने, खालच्या मजल्यावर कुठे धोब्याचं दुकान, कुठे सायकल दुरुस्ती. मुलं संध्याकाळी धुळीने माखून, घसा बसवून परत यायची. तक्ता भरत गेला. हिरवा ठिपका म्हणजे हाक मारायला माणूस आहे, लाल म्हणजे नाही, आणि दार उघडलंच नाही तिथे नुसता रिकामा चौकोन. पाहणीचा दिवस जवळ आला तेव्हा तक्ता असा हिरवागार झाला होता की मोठे सर त्याच्यासमोरून हलेनात. लाल ठिपके शोधावे लागत होते.

"बाई, काय वस्ती आहे हो ही! जवळजवळ प्रत्येकाला कुणी ना कुणी आहे. हे मंडळासमोर ठेवलं की काम झालं."

बाईंनाही बरं वाटलं. रिकामे चौकोन दिसत होते, पण त्यांच्याकडे बघायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती.

रविवारी बाई घरी होत्या. मागच्या बाजूला, न्हाणीत, कपडे पिळत होत्या. पुढच्या खोलीत सासरे बसले होते. त्यांना कमी ऐकू यायचं. कानातलं यंत्र ते कपाटात ठेवत, बॅटरी वाचावी म्हणून. "ऐकण्यासारखं काही झालं तर काढीन की," असं वर म्हणायचे.

दाराशी आवाज आला. "अस्सलामुअलैकुमअस्सलामुअलैकुमअस्सलामुअलैकुम!" एका दमात, पाढा म्हणावा तसं. बाईंनी हातातला कपडा टाकला, पदराला हात पुसले आणि पुढे आल्या. दारात कुणी नव्हतं. जिन्यावरून खाली वाकून बघितलं तर गल्लीच्या वळणावर दोन पाठी दिसल्या. एक पहिलवानाची, ती लांबूनही चुकायची नाही. दुसऱ्याच्या हातात तक्त्याची गुंडाळी होती. रंगवायला नेलेला तक्ता परत द्यायला आली होती पोरं.

"अरे!" बाईंनी हाक मारली. तोवर वळण संपलं होतं.

"कोण होतं?" सासऱ्यांनी विचारलं. दारातून वारा आला म्हणून त्यांनी मान वर केली होती.

बाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "माझे विद्यार्थी, बाबा."

"मग गेले का?"

"उत्तर नाही आलं म्हणून. तसा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

म्हातारा पोट धरून हसला. "म्हणजे मी इथे बसलोय, तू तिथे आहेस, आणि घरात कुणी नाही! सूनबाई, भारी विषय काढलास."

बाईंना मात्र हसू येईना. त्या न्हाणीत परत गेल्या, तोच कपडा पुन्हा पिळू लागल्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे आले ते तक्त्यावरचे रिकामे चौकोन. वेळेवर दारापर्यंत कोण पोचतं? ज्याच्या घरात माणसं आहेत तो. एक स्वयंपाकात असला तर दुसरा उठतो, लहान पोर धावत येतं. आणि ज्याला उठायला वेळ लागतो, ज्याच्यासाठी दुसरं कुणी दार उघडत नाही, त्याच्या दारावरून पोरं तीन सलाम ठोकून पुढे गेली. म्हणजे ज्यांना कुणी नाही तेच नेमके गळले. तक्ता हिरवा झाला तो ते गळल्यामुळे.

आणि तसं पोरांना शिकवलं कुणी? वर्गाच्या दारात उभं राहून एका दमात तीन सलाम म्हणून दाखवले ते कुणी? वर्गात कुणाला बिछान्यातून उठायचं नव्हतं, की ओले हात पुसायचे नव्हते.

सोमवारी सकाळी त्या मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. गणिताचे सर तिथेच हजेरीचा हिशेब करत बसले होते.

मोठ्या सरांनी चष्मा काढला. "बाई, मंडळाच्या पाहुण्या बाई परवा येतायत. परवा!"

"माहीत आहे, सर."

"तक्ता चुकीचा आहे का? जे भरलंय ते खरं आहे ना?"

"भरलंय ते खरं आहे. पण तक्ता जे सांगतो ते खरं नाही."

गणिताचे सर म्हणाले, "अहो, जी दारं उघडली नाहीत ती सोडून शेकडा काढायचा. जगभर असंच करतात. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ टाका आणि मोकळ्या व्हा."

"ती ओळ कोण वाचतं, सर?"

"कोणी नाही. म्हणून तर टाकायची."

मोठे सर मनाने वाईट नव्हते. त्यांनाही विषय टिकायला हवा होता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "खोटं बोला असं मी म्हणत नाही. विचारलं तर सांगा. आपण होऊन कशाला काढता? इतक्या दिवसांची मेहनत आहे, बाई."

बाई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "सर, मी मुलांना सांगितलंय की लोकांनी सांगितलेलं अमानत असतं. मग जे सांगायला पोचलेच नाहीत, त्यांचं काय? त्यांच्या नावावर मी हिरवा रंग लावू?"

मोठे सर चष्मा पुसत राहिले.

वर्गात बाईंनी रविवारची गोष्ट सांगितली. पहिलवानाचे कान लाल झाले. "बाई, तुम्ही घरात होतात? आम्हाला वाटलं बाजारात गेलात!"

"न्हाणीत होते. तुझे तीन सलाम माझे हात पुसून व्हायच्या आत संपले."

"बाई, आठ घरं उरकायची असतात एका दुपारी," कुणीतरी मागून म्हणालं.

"मग आता दारं ठोकायची का?" पहिलवानाने बाह्या सरसावल्या. "सांगा नुसतं. उघडेपर्यंत ठोकतो."

"वा!" वकील उसळली. "मग नियम शिकलो कशाला? ज्याला उघडायचं नसेल त्याचं काय? त्याचं घर आहे ते."

"मग शेजाऱ्यांना विचारू. आत कोण राहतं म्हणून."

"ती चहाडी! तेही बाईंनीच सांगितलंय."

"मग करायचं तरी काय? ठोकायचं नाही, विचारायचं नाही!"

वर्ग बाईंकडे बघू लागला. बाईंनी फळ्यावर खडूने एकाखाली एक तीन रेघा ओढल्या. मग म्हणाल्या, "तीनदा सलाम कशासाठी सांगितलाय? आतल्याला कळावं, त्याने आवरावं, आणि यायचं की नाही ते त्याने ठरवावं म्हणून. पहिला ऐकायला. दुसरा उठायला. तिसरा ठरवायला. आपण तिन्ही एकदम दिले. आतल्याच्या हातात काहीच ठेवलं नाही."

"मग दोन सलामांच्या मध्ये किती थांबायचं?" वकिलाने वही उघडली.

"आत कुणी नमाजला उभं असेल तर ते पुरं होईल इतकं. चुलीवरचं उतरवून, हात धुऊन कुणी येऊ शकेल इतकं."

"बापरे," पहिलवान म्हणाला. "तेवढ्यात माझा एक डुलका होईल."

"उभ्याने घे."

त्याच दुपारी बाई स्वतः मुलांबरोबर निघाल्या. रिकाम्या चौकोनांतली सगळी घरं होणं शक्यच नव्हतं. एका घराला आता आधीच्या चार घरांइतका वेळ लागत होता. पहिल्या दोन ठिकाणी थांबून थांबून परत फिरावं लागलं. तिसरं घर जिन्याच्या टोकाला होतं. पहिलवान, वकील आणि बाई भिंतीला लागून उभे राहिले. पहिलवानाने सलाम केला. आतून काही नाही. तो वाट बघू लागला. आधी या पायावर, मग त्या पायावर, मग छताकडे. बाईंनी मान हलवली तसा दुसरा सलाम केला. आत काहीतरी सरकलं. मग खूप वेळ काहीच नाही. पहिलवान तिसऱ्यासाठी तोंड उघडणार, तोच वकिलाने त्याची बाही ओढली. जमिनीवर काठी टेकल्याचा आवाज येत होता. टक. आणि बऱ्याच वेळाने पुन्हा, टक.

दार उघडलं. काज-बटण करणारी बाई होती. गळ्यात दोऱ्याचं रीळ, चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली.

"वालेकुम सलाम," ती म्हणाली. "आज पळाला नाहीत."

तिघेही चपापले.

"आम्ही आधी आलो होतो हे तुम्हाला माहीत आहे, मावशी?" बाईंनी विचारलं.

"माहीत नसायला काय झालं? कान शाबूत आहेत माझे, गुडघे गेलेत. सलामाचं उत्तर दिलं मी. पण खाटेवरून दिलेलं उत्तर जिन्यावर पोचतंय होय! उठेपर्यंत जिन्यावर धडधड धडधड, जसे काही पोलीस मागे लागलेत." तिने पहिलवानाकडे नीट बघितलं. "हाच असणार तो. जिना हलला होता."

पहिलवानाने मान खाली घातली. वकील ओठ दाबून हसू लागली.

"आत या. खुर्ची एकच आहे, तीवर बाई बसतील. तू खाली बस. खुर्ची मोडशील."

खोली छोटी, पण लखलखीत होती. खाटेवर बिनकाजाच्या सदऱ्यांचा ढीग, खिडकीत उजेडाला धरून लावलेला पाट. मावशींनी सुई हातात घेतली आणि बोलता बोलता काज घालू लागल्या. वकिलाने प्रश्न विचारला. अडलात तर हाक मारायला जवळपास कुणी आहे का.

मावशींनी दोरा ओढला, दाताने तोडला. "सदरे टाकायला कारखान्याचा माणूस येतो. खालून हाक मारतो, मी टोपली सोडते. वर यायला त्याला फुरसत नाही. पलीकडची होती एक, ती मुलीकडे गेली. तुम्ही परत गेलात त्याचं मला काही नाही, पोरी. दार बंद असलं की जावंच. पण पुन्हा कुणी आलंच नाही, ते लागलं मनाला."

वकिलाचं पेन थांबलं. तिने बाईंकडे बघितलं. बाईंनी हळूच मान हलवली. वकिलाने तक्त्याच्या कच्च्या कागदावर लाल ठिपका दिला आणि कागद घडी घालून ठेवला.

निघताना मावशी पहिलवानाला म्हणाल्या, "तुझं वरचं बटण लोंबतंय. सदरा घेऊन ये कधी, लावून देते. घालून नको येऊस, अंगावर बटण लावताना तू हललास तर टोचेल."

बुधवारी पाहुण्या बाई आल्या. मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. त्यांनी वर्ग बघितला, मुलांना दोन-चार प्रश्न विचारले, मग तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. तक्ता आता पूर्वीसारखा देखणा राहिला नव्हता. हिरव्यात नवे लाल ठिपके आले होते, आणि उरलेल्या रिकाम्या चौकोनांना बाईंनी मुद्दाम जाड काळी चौकट काढली होती. मोठे सर मागे उभे राहून हाताची बोटं चोळत होते.

"हे काळ्या चौकटीतलं काय?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. एका दमातले तीन सलाम, न्हाणी, काठीचा आवाज, काही लपवलं नाही. फक्त मावशींचं घर कुठलं ते सांगितलं नाही.

"म्हणजे पाहणी अपुरी आहे."

"हो."

"आणि चुकलेली होती."

"हो. आम्ही दुरुस्त करतोय."

"कधी पुरी होईल?"

"आता सांगता येणार नाही. एका घराला वेळ लागतो."

पाहुण्या बाईंनी एका काळ्या चौकटीवर बोट ठेवलं. "मी पुष्कळ शाळा बघते," त्या म्हणाल्या. "धड्यावर वचन छापलेली पुस्तकं बघितलीत. पाठ करून घेतलेली भाषणं ऐकलीत. आपली पाहणी चुकली हे तक्त्यावर चौकट काढून दाखवणारं कुणी बघितलं नाही. पण बाई, मंडळाला विषय कायमचा करायचा तर पुरं झालेलं काम लागतं, परीक्षा लागते, मार्क लागतात. हे मी मार्कांत कसं बसवू? थांबण्याला किती मार्क देऊ?"

नकाशेबाई खरं तेच म्हणाल्या. "मला माहीत नाही."

"मलाही नाही. म्हणून मी मंजुरी देत नाही." मोठ्या सरांच्या तोंडचं पाणी पळालं. "बंदही करत नाही. आणखी एक वर्ष चालवा. पण आतापासून मार्क नाहीत. ऐच्छिक. ज्याला यायचं तो येईल. पुढच्या वर्षी मी परत येईन."

त्या गेल्यावर मोठे सर खुर्चीत बसले. "बाई, ती एक ओळ बारीक अक्षरात टाकली असती ना..."

"हो, सर."

"जाऊ द्या." थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "आपण होऊन काढलंत म्हणूनच बहुतेक बंद झालं नाही."

गणिताचे सर दारात उभे होते. "बिनमार्कांचा विषय! बाई, पुढच्या सोमवारी तुमच्या वर्गात तुम्ही आणि फळा, दोघंच."

सोमवारी अगदी तसं नाही झालं, पण फार वेगळंही नाही. निम्मे बाक रिकामे होते. मार्कांसाठी आलेली मुलं सरळ भूगोलाला गेली होती. बाईंनी त्याबद्दल कुणाला एक अक्षर विचारलं नाही. वकील होती. तिला अजून बऱ्याच फटी दिसत होत्या. आणि मागच्या बाकावर, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, पहिलवान बसला होता.

"तू रे?" बाईंना राहवलं नाही. "मार्क नाहीत आता."

"ऐकलं, बाई." त्याने बाकाखालून कागदात गुंडाळलेला सदरा काढला. "मावशींकडे जायचंय. तर म्हटलं, वाटेतली राहिलेली घरंही करू."

दुपारी पहिलवान, वकील आणि बाई निघाले. वाटेतलं पहिलं घर तळमजल्यावर होतं, पडदा ओढलेलं. पहिलवान दाराच्या बाजूला उभा राहिला आणि सलाम केला. मग थांबला. या वेळी त्याचे पाय जागच्या जागी होते. समोरच्या धोब्याच्या इस्त्रीतून वाफ निघत होती, ती बघत राहिला. दुसरा सलाम. पडद्यामागे कुणीतरी खोकलं. ते तिघेही जिथल्या तिथे उभे राहिले. धोब्याची एक चादर इस्त्री करून झाली, दुसरी पसरली. तिसरा सलाम. पडदा हलला, पण उघडला नाही.

पहिलवान पुन्हा थांबला. मग वळला, आणि आवाज न करता चालू लागला. चार पावलं पुढे आल्यावर त्याने विचारलं, "बाई, उद्या परत येऊ?"

"उद्या नको. परवा येऊ," बाई म्हणाल्या. "रोज आलं तर त्याला पाठलाग म्हणतात."